पर्समधल्या गोळ्या

टेक्ससमधल्या बंदुकांच्या दुकानात क्लेटन रांगेत उभा होता. पुढे काठी टेकत वेल्मा आजी काउंटरवाल्याशी बोलत होत्या.

"रोज जवळ बाळगायला हेच पिस्तूल बरं, आजी. चपटं आहे, कपड्यांखाली दिसत नाही."

"ठेवू कुठे?"

"कमरेला."

"तिथे नात मिठी मारते."

"मग पर्समध्ये."

"तिथे गोळ्या असतात."

"अहो, गोळ्या पिस्तुलातच राहू द्या की!"

"पेपरमिंटच्या रे, बाबा! नात न विचारता हात घालते."

"मग घोट्याला बांधा."

"वाकता आलं असतं तर ही काठी कशाला घेतली असती?"

"मग दाखवू तरी काय तुम्हाला?"

"आधी कुलपाची पेटी दाखव."

क्लेटनने कमरेला खोचलेल्या पिस्तुलावरचा शर्ट खाली ओढला. घरी गेल्या गेल्या त्याची लेक तिथेच येऊन बिलगायची.

"एक पेटी मलाही," तो म्हणाला.