रिक्षाच्या पाठीवरचे डोळे

...अन मंग म्हणतात, प्रयागबाईनं मोर बिघडवला! प्रयागबाईनं वाघ बिघडवला! अरे, मी हात लावायच्या आधी तुमच्या वाघाले डोळे तरी होते काय? आंधळा फिरला असता सीताबर्डीतून, ते बरं दिसलं असतं? तुम्हाले सांगते, लोकायले चांगलं केलेलं दिसतच नाही. मले काय करा लागते! मी तं गाद्या शिवणारी बाई. सक्करदऱ्याले चंपतरावचा सायकलरिक्षायचा अड्डा आहे, तिथल्या साऱ्या रिक्षायच्या रेक्झीनच्या गाद्या अन वरचे टप मी माह्या मशीनवर शिवते, चौथी पास आहे, नवरा गेला त्याले बारा वर्सं झाले, अन कोणाचं ऐकून घेत नाही... बस, एवढी माही ओळख. गोष्ट माही नाहीच. गोष्ट हशमतची आहे.

हशमत म्हणजे मोमिनपुऱ्यातल्या विणकराचा पोट्टा. वीस वर्साचा, काडीसारखा, बोटायच्या नखात कायम हिरवा नाहीतर निळा रंग. बहात्तर साली आला आमच्या अड्ड्यावर. रिक्षाच्या पाठीमागं पत्रा राहते ना, पाह्यला असन तुम्ही, त्याच्यावर तो चित्रं काढे. पह्यलाच मोर असा काढला की काय सांगू! एकेक पीस असं, की बोट लावलं तं हालन. भोवती चौकटीसारखा वेलीचा काठ. अन मोराच्या तोंडाकडं पाह्यलं तं... डोळाच नाही! पांढरा डाग नुसता.

चंपतराव वरडला, "अबे, डोळा राह्यला ना बावा! सवारी भेईन!"

हशमत म्हणे, "डोळे मी नाही काढत, शेठ. अब्बा म्हणतात, जीववाल्याचं चित्र काढलं तं कयामतच्या दिवशी अल्ला इचारन, काढलं ना, आता टाक त्याच्यात जीव. कुठून टाकू मी?"

"मंग मोर काहून काढला?"

"डोळा नाही तोवर तो मोर नाही, शेठ. पिसं आहेत नुसती."

पाहा! पोट्ट्याची वकिली पाहा! कोर्टात पाठवा लागत होता याले. चंपतराव लाल, पोट्टा मान खाली घालून उभा, अन रिक्षावाला धोंडबा बिचारा ताटकळून राह्यला की त्याची चौदा नंबरची रिक्षा भेटते कवा. मले काय करा लागते! पण राहवलं नाही. म्हटलं, आण तो बुरूस इकडं. रोज कुंकू लावत होती एका काळी, गोल काढता येते मले. काढले दोन टिपके, वरून दिली भिवई ओढून. झाला मोर!

अन तो मोर असा पाहून राह्यला जगाकडं, जसं काही साऱ्या नागपूरनं त्याच्या अंगणात कचरा टाकला.

हशमत पोट धरून हासला. "मावशी, हे तं तुम्हीच!"

आता चेहरा देवानं दिला तसा आहे, हात कुठून दुसरा आणू? पण तवापासून रीतच पडली. पोट्टा सारं काढे, डोळे माह्यासाठी ठेवे. हरणाले माहे डोळे, वाघाले माहे डोळे, कमळात बसलेल्या परीलेही माहेच डोळे. ती परी तं अशी दिसे की आता कमळातून उतरन अन विचारन, दळण झालं काय वं?

आता रिक्षा काही एका जागी राहत नाही. सकाळी महाल, दुपारी इतवारी, मंग स्टेशन. चित्र गावभर! ज्याले हशमत माहीत नाही, हशमतची गल्ली माहीत नाही, असा माणूस उभा राहून पाहे. अन नुसता पाहून गप बसन तं तो नागपूरचा कसा? कॉलेजच्या फाटकापाशी कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं, "मोरोबा, नापास झाले काय?" त्याच्याखाली इतवारीत दुसऱ्यानं लिहिलं, "मोर झकास." त्याच्याखाली तिसऱ्यानं, "झकास म्हणणाऱ्याले चष्मा लागला." मंग चौथा आला चष्मेवाल्याच्या बाजूनं, अन पाचव्यानं चौथ्याच्या मायचं नाव काढलं! तुम्हीच सांगा, लिहिणाऱ्याचं तोंड पाह्यलं नाही, ज्याले लिहिलं तो कोण ठाऊक नाही, अन एका पत्र्यावर एकमेकायच्या सात पिढ्या! अन मोर आपला मधात, कोणाचं काही बिघडवलं नाही त्यानं.

अन हशमत? त्याले याडच लागलं हो! दिवस बुडायच्या आधी रिक्षा परत येत, तं हा फाटकात उभा. एकेक पत्रा वाचे. कोणी "वा" लिहिलं, की नमाजले असा पळे जसे पायाले चाकं. अन कोणी "भंगार" लिहिलं, की डबा उघडे नाही. म्हटलं, "अबे बयाडा, ज्यायले तू वळखत नाही त्यायच्या खडूवर जेवतं काय तू?"

तं म्हणे, "मावशी, वळखत नाही म्हणून तं खरं बोलतात."

"खरं! तो चष्मेवाला खरं बोलला?"

एकदा तं इतवारीच्या कोण्या पेंटरनं आमचा मोर जसाच्या तसा उतरवला, डोळ्यासकट! माहे डोळे! मी गेली तिथं भांडाले. तो म्हणे, "बाई, डोळ्यावर नाव लिहिलं होतं काय?" अशी बोलली त्याले, की रंगाचा डबा सोडून मागच्या दारानं गेला.

पण असं समजू नका की पोट्ट्याच्या डोक्यात नुसता खडूच होता. एक दिवस पिसं काढता काढता थांबला. म्हणे, "मावशी, ज्यानं पह्यला मोर बनवला, त्याले एकही पीस खोडावं लागलं नसन. मी एका पिसासाठी चारदा पुसतो. जेवढा पुसतो तेवढा तो बनवणारा आठवते. मशिदीत एखाद्या वेळी ध्यान भटकते, इथं नाही भटकत. हे अब्बाले कसं सांगू?"

आता मी काय सांगू? मी तं गाद्या शिवणारी बाई. म्हटलं, "असंच सांग."

"अब्बा पाहतच नाहीत. माही रिक्षा समोरून आली तं मान खाली घालून निघून जातात. एकदा पाहावं, मावशी. मंग शिव्या दिल्या तरी चालन."

बस, एवढंच पाह्यजे होतं त्याले. सारं नागपूर पाहून राह्यलं होतं, अन याले एक बुढा पाह्यजे होता.

मंग एका शुक्रवारी एक निशाण दिसलं. चौदा नंबरच्या काठावर, डाव्या कोपऱ्यात, खडूची एक बारीक फुली. अक्षर नाही, काही नाही. हशमतनं जवळ जाऊन पाह्यलं, तं तिथं वेल एका सुतानं वाकडी! त्यानं सरळ केली. पुढच्या शुक्रवारी फुली दुसऱ्या जागी. पाह्यलं, तं तिथंही सुतभर फरक! पोट्टा पागल झाला. "कोण आहे हा, मावशी? सारे लोकं डोळ्याचं बोलतात, हा एकटा काठाचं बोलते. हा खरा पाहणारा!" वाघाचं पोट ढिलं राह्यलं तरी चालन, पण काठ! गुरुवारपासून काठच घोटत बसे. शुक्रवारी संध्याकाळी चौदा नंबर आली की पळे फुली शोधायले. असा पळे, जसं कोणाचं पत्र येणार आहे.

मले काय करा लागते! पण एका शुक्रवारी दोरा आणायले गेली मोमिनपुऱ्यात. नमाज सुटली होती, धोंडबा रिक्षा लावून चहा पिऊन राह्यला होता. अन पाहते तं काय? एक बुढा, पांढरी दाढी, टोपी, इकडं पाहे, तिकडं पाहे, अन सदऱ्याच्या खिशातून खडू काढून माह्या मोरापाशी वाकला!

गेली अन मनगटच धरलं. "कोण गा तू?"

वळखलं ना मी! हशमतचं नाक होतं पुरं त्याच्या तोंडावर. बशारतमियां, त्याचा बाप!

"छोडो बाई," म्हणे, "लोगां देखरे."

"तुम्ही तं चित्र पाहत नाही म्हणे?"

बुढ्यानं कसं पाह्यलं माह्याकडं! म्हणे, "मैं तस्वीर कहाँ देखता? मैं किनार देखता. चालीस बरस साड़ी की किनार बुनी बाई, टेढ़ी दिखी तो हाथ नहीं रुकता."

घ्या! पोट्टा म्हणते डोळे नाही तं मोर नाही, अन बाप म्हणते काठ पाह्यला तं चित्र नाही पाह्यलं! एकाच ठाणातले दोन तुकडे!

म्हटलं, "मंग सांगा ना त्याले तोंडानं! पोट्टा झुरून राह्यला!"

"मुँह से बोलूँगा तो हाँ हो जाएगी. मैं हाँ कैसे बोलूँ? मेरेकू भी ऊपर जवाब देना है." मंग हळूच म्हणे, "हाथ अच्छा है उसका. मत बोलना उसकू. कसम खाओ."

अन मी, जिच्या पोटात पाणी राहत नाही, ती बाई, घेतली ना शपथ! माह्या शिलाईमशीनची! बुढ्याचे डोळेच तसे झाले होते, काय करता?

इथपर्यंत सारं बरं होतं. पण चित्र स्टेशनवर जाते ना! एक दिवस मुंबईचा कोणी सिनेमाचे बोर्ड रंगवणारा उस्ताद गाडीतून उतरला, चौदा नंबरमागं उभा राह्यला, अन धोंडबाले म्हणे, हे काढणाऱ्याले माह्याकडं पाठव. चिठ्ठीच देली. हशमत ती चिठ्ठी घेऊन आठ दिवस फिरला. जाऊ की नको? "तिथं हिरोईनचा एक डोळा दरवाज्याएवढा राहते, मावशी. तो कोण काढन? तुम्ही तं नसान."

"मंग नको जाऊ."

"आता हा शुक्रवार पाहतो. या बारचा काठ असा काढतो, की तो फुलीवाला काय म्हणते ते पाहू. तो पाहून राह्यला तोवर मले कुठं जायचं नाही."

अन तुम्हाले सांगते, तसा काठ मी जन्मात पाह्यला नाही. चौदा नंबरचा मोर खोडून दोन राघू काढले, अन भोवती वेल, पत्र्यावर काढली की मागावर विणली, कळे नाही. मी डोळे पण जरा मवाळ काढायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

शुक्रवारी संध्याकाळी चौदा नंबर आली. पोट्टा धावला. डावा कोपरा पाह्यला, उजवा पाह्यला, खाली बसून पाह्यलं, बोट फिरवून पाह्यलं. फुली नाही! एकही नाही!

मले समजलं ना! चाळीस वर्स काठ विणणारा माणूस पाहून गेला अन त्याले काही सापडलं नाही! याच्याहून मोठं तो बुढा काय बोलन? म्हटलं, "हशमत! अरे, चूकच नसन! म्हणून फुली नाही!"

हशमत हासला. असा हासला की मले गमलं नाही. म्हणे, "नाही मावशी. तो पाहून कटाळला. लोकं कटाळतातच. एक माणूस नीट पाहत होता, तोही गेला. आता इथं कोणासाठी काढू?"

जिभेवर आलं होतं! इथं, या टोकावर! तुहा बाप आहे तो, बयाडा! पण मशीन समोर. शपथ मशीनची. अन त्याच्याहून बुढ्याचे ते डोळे. गिळलं. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं हो मी, अन नेमकं तवाच ठेवलं!

सोमवारी गेला हशमत मुंबईले.

अन मी गेली मोमिनपुऱ्यात. त्याच्या मागापाशी उभी राह्यली अन अशी बोलली बुढ्याले, अशी बोलली, की गल्लीतले सारे माग बंद पडले. "एका फुलीपायी पोट्टा गेला तुमचा! खोटी लावून देली असती एक तं काय बिघडलं असतं?"

बुढा उठला नाही. धागा हातात तसाच. म्हणे, "झूठी कैसे लगाता, बाई? सीधी थी."

मी आली मशीनवर परत.

पत्र येते कवा कवा हशमतचं, माह्या नावावर, मराठीत. शाळा मराठीच होती ना त्याची. मी बुढ्याले वाचून दाखवते. लिहिते, "मावशी, इथं डोळ्याले हात लावू देत नाहीत. डोळे उस्ताद काढते. मले सहा महिन्यापासून हिरोईनच्या साडीचा काठ भरायले देऊन राह्यले." घ्या! त्याच्यासाठी मुंबई! बुढ्यानं सारं ऐकलं, अन एवढंच विचारलं, "सीधी है क्या?" म्हटलं, सरळच असन. बुढ्यानं खडू काढला खिशातून, पाह्यला, अन परत ठेवला.

मंग एका शुक्रवारी बुढा अड्ड्यावरच आला. चंपतरावनं दुसरा पेंटर आणला होता, त्यानं चौदा नंबरचे राघू खोडून टाकले होते, अन त्याचे काठ पाहून बुढ्याले ताप यायचा बाकी राह्यला. म्हणे, "बाई, बुरुश है क्या? सिर्फ किनार. और कुछ नहीं." पत्रा कोरा करून आता चौदा नंबरचा काठ तो काढते. धाग्यासारखा. अन मोकळ्या पत्र्यापुढं उभी राह्यली की माहा हात आपोआप बुरुसाकडं जाते, मीही दोन डोळे काढून ठेवते. हशमतनं काढलं असतं तं जिथं आले असते, तिथंच.

मधात काहीच नाही. तशीच फिरते रिक्षा नागपूरभर. चंपतराव वरडते, लोकं खडूनं लिहितात, "बाकीचा कुठं गेला?" अन सवारी तं आता चौदा नंबरच मागते!

कधी कधी गमत नाही. मशीन थांबवून बसते अन त्या पत्र्याकडं पाहते, तं तो माह्याकडं पाहून राह्यला असते, रागानं. जसं मीच पाठवलं हशमतले. मले काय करा लागते! मी तं गाद्या शिवणारी बाई. दोन डोळे लावून बसली आहे, मधातलं ज्याचं त्यानं येऊन भरावं!