शिराकुराचा चुना

चुना लावलाय, काकू, कुणीतरी चक्क चुना लावलाय — भिंतींना नव्हे हो, आपल्याला! हसताय काय? माहितीपत्रकावर काय होतं? डोंगर, लाल पानं, पांढऱ्याशुभ्र कोठारांची ओळ, आणि वर ‘भूकंपानंतर पुन्हा उभं राहिलेलं शिराकुरा’. आणि त्याच कोठारांच्या मागे काय? काळी पोती! माझ्या खांद्याला लागतील एवढी, रांगच्या रांग, आत अणुभट्टी फुटल्यावर शेतातली खरवडून काढलेली माती — किरणोत्सारी माती, न्यायला जागा नाही म्हणून इथेच ठेवलेली. काल जेवताना तुम्हीच म्हणालात ना, आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात नि शेताला काळी? मग बघा की — पांढरी रस्त्याकडे तोंड करून सजवली, काळी पोत्यांत भरून मागे सारली! आणि यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. का? तर पानं लाल व्हायचे दिवस, पाहुणे यायचेत. सेंदाईला आमच्या लॅबमध्येही हेच — मान डोलावतात आणि विषय बदलतात. मी नाही बदलणार. बसा तुम्ही, बस यायचीय अजून. ती पिशवी द्या माझ्याकडे.

तर फोटो टाकला मी काल — टाकला, लपवत नाही. पोती, पोत्यांमागे पांढरी भिंत, आणि कोपऱ्यात आपल्या मालकीणबाईंच्या, होशी-सानच्या खानावळीचा निळा पडदा. तो आला आपोआप, मी काही मुद्दाम — बरं, आला. आपण जिथे उतरलो तिथलंच दाखवणार ना माणूस? खाली चार ओळी लिहिल्या, आधी इंग्रजीत, मग जपानीत. लोकांनी पटापट पुढे पाठवला. म्हटलं चला, एकदाची वाचा फुटली. आणि सकाळी नाश्त्याला — तुम्ही होतातच की — तुम्हाला मासा वाढला, माझ्यासाठी त्यांनी वेगळा भोपळा शिजवला होता, तेवढ्यात फोन वाजला. मग पुन्हा वाजला. होशी-सान फोनवर बोलता बोलता वाकत होत्या. समोर माणूस नाही, तरी कमरेत वाकून माफी मागत होत्या! यायचं रद्द करताहेत ते लोक, आणि माफी कोण मागतंय — ह्या! मला राग आला. त्यांचा नाही हो, ह्या सगळ्याचाच.

काय? नाही, पाहुणे येतील परत. पाहुण्यांचं नाही तुमचं म्हणणं, कळलं मला. ती शेजारीण. पाहिलं मी तिला. रोज गल्ली झाडत होशी-सानच्या दारापर्यंत येते, काल आली होती, हसून आपल्याला ओहायो पण म्हणाली होती. आज अलीकडेच थांबली. पाचोळा तसाच दारात ठेवून झाडू उचलून गेली. दोघींनी मिळूनच लिंपल्यात ना ह्या भिंती? भूकंपात गिलावा पडला, तरणीताठी माणसं शहरात, मग ह्या बायांनी स्वतः चुना कालवून — होशी-सान दाखवत होत्या तो कोपरा, किती कौतुकानं. आणि आता ती शेजारीण काय समजत असेल? की हिनंच बाहेरच्या पोराला मागे नेलं, हिनंच बोलायला लावलं. कारण मी लिहिलंय तसं. ‘खानावळीच्या मालकिणीच्या परवानगीनं.’ शेवटची ओळ.

लिहायलाच पाहिजे ना? परवानगी घेतली होती! रीतसर विचारलं मी त्यांना — फोटो टाकू का, तुमचं नाव नाही घेणार, पण गावाची गोष्ट लोकांना कळली पाहिजे. त्या म्हणाल्या, दाइजोबु देस. तुमच्यासमोरच नाही का — नाही, तुम्ही अंघोळीला गेला होतात. दाइजोबु म्हणजे काय? ठीक आहे. चालेल. पहिल्या आठवड्यात शिकवतात. असं बघू नका, काकू. चालेलच ना? म्हणजे हात हलवला त्यांनी, असा, नाकासमोर. मला वाटलं डास असेल.

हो, ह्या थंडीत. माहितीये मला.

मी रोज रात्री लॅबमधून निघाल्यावर कोंबिनीत, त्या रात्रभर उघड्या दुकानात, तयार जेवणाचा डबा घेतो. गल्ल्यावरचा मुलगा विचारतो, गरम करून देऊ का? मी म्हणतो, दाइजोबु देस. मग देतो का तो गरम करून? नाही देत. गारच खातो मी घरी जाऊन. म्हणजे मला — म्हणजे कळलं होतं का मला काल? मी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर त्यांना सरळ नाही म्हणावं लागलं असतं, आणि त्या म्हणाल्या असत्या, आणि मग फोटो — फोटो खरा आहे, काकू! पोती खरी आहेत! तो मी काढून टाकणार नाही. ती ओळ खोटी आहे. ती कालच काढायला — कालच नाही, आत्ता काढली तरी शेजारणीला काय? तिनं वाचायचं ते वाचलं. तिला तोंडानंच सांगावं लागेल. दारात उभं राहून, माझ्या ह्या मोडक्या जपानीत — की त्या नको म्हणाल्या होत्या, मीच ऐकलं नाही. एका दारात नाही, सगळ्या दारांत. तुम्ही याल का बरोबर? — नाही. बरोबर आहे, नकाच येऊ.

आली बस. यानंतरची थेट संध्याकाळी, आणि उद्या लॅबच्या सरांसमोर, सेन्सेईंसमोर माझं सादरीकरण. चढा तुम्ही, सांभाळून, पायरी उंच आहे. ही तुमची पिशवी. आणि हे काय वर? भाताचे मुटके? कुणी — होशी-साननी? माझ्यासाठी वेगळे, बिनमाशाचे? कधी दिले त्यांनी? तुम्ही बोलला का नाहीत — धरा हो तुमच्याकडेच, मला नको — नाही, द्या. द्या इकडे. तुम्ही बसा जागेवर. मी — एक मिनिट. एक पाय वर नि एक खाली, ड्रायव्हर बघतोय माझ्याकडे, दार लावायचंय त्याला. सांगा ना त्याला, काकू, तुमची जपानी चांगली आहे. येतोय म्हणावं की — बघा, तोच विचारतोय मला —

“दाइजोबु देस का?”