चार किलो आणि घागर

तुम्ही हसाल, पण लातूरला टँकर बारा दिवसांनी यायचा त्या वर्षी मी वजन उतरवायला निघालो. चारच किलो. पुतणीच्या लग्नासाठी शिवलेल्या कोटाचं बटण लागेना. डॉक्टरांनी सुया लिहून दिल्या. म्हणाले, "भूक मरेल, पण पाणी रोज तीन लिटर प्या."

घरी सांगितलं तर बायको भडकली. "भूक मारायचं औषध आणलंत, तर तहान मारायचं बी आणायचं की! तुमचं पाणी तुम्हीच भरा."

दोन महिने मी पलीकडच्या गल्लीतल्या बोअरवरून घागरी वाहिल्या. चार किलो उतरले.

"बघा, औषधाचा गुण!" डॉक्टर खूश.

सोबत आलेली बायको त्यांना म्हणाली, "आता औषध बंद करा साहेब, पण चिठ्ठीवर घागर लिहून द्या. हे माझं ऐकत न्हाईत."