कॉलर आधी

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे एक शिवणकाम करणारी बाई होती. गळ्यात टेप तशीच राहिलेली. सोबत तिची कॉलेजातली मुलगी.

"आई, ही तर नऊच पानं आहेत. आणि तू कादंबरी लिहितेयस म्हणून गावभर सांगत सुटलीस."

"मग? कादंबरीचीच आहेत ती."

"पण नंबर चाळीसपासून का टाकलेत?"

"आधीची एकोणचाळीस अजून लिहायची आहेत."

"असं मधूनच कुणी सुरू करतं का गं?"

"मी शर्ट शिवायला घेते तेव्हा आधी काय करते?"

"कॉलर. सगळ्यात अवघड म्हणून. ती नीट बसली की बाकीच्या शर्टाची धास्ती नाही, असं तूच म्हणतेस."

"मग ही कॉलर आहे. वाच की."

रांग दोन माणसं पुढे सरकली.

"आई, हे बाबा घर सोडून गेले त्या दिवशीचं आहे."

"बाईचं नाव बदललंय मी."

"नाव बदललंस, पण मशीन आपलंच आहे. त्या दिवशी तू खाली मान घालून शिवतच बसली होतीस. मला वाटायचं, हिला काही वाटलंच नाही."

"म्हणून तर ते आधी लिहिलं."

"किती प्रती काढू?" दुकानदाराने विचारलं.

"एक."

"दोन काढा काका. एक माझी."

"सुरुवातीची पानं घरी राहिली वाटतं?" वरच्या पानावरचा चाळीस आकडा बघून दुकानदार म्हणाला.

"नाही," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे कॉलर आधी शिवतात."