कॉलेजामागचं उबवणी केंद्र

...आनि वर मलाच म्हनत्यात, सारजाबाई, शेजाऱ्याच्या घरात नाक खुपसू नका. आता तुमीच सांगा, भिंतीला भिंत, खिडकीला खिडकी, आनि पलीकडच्या स्वयंपाकघरातनं फोडनीच्या जागी जळक्या वायरचा वास यायला लागला तर मानसानं करायचं काय, डोळं मिटून भाकऱ्या थापायच्या? मला काय करायचंय म्हना. पन डोकावले.

तर आमच्या शेजारच्या साहेबरावांची मेघना. साहेबराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक, पोरगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, आनि बसलेली कशी, तर पोळपाटावर वायरी पसरून, हातात डाग द्यायची कांडी, नि आई कडंला लाटनं घेऊन उभी की पोळपाट कवा मोकळा होतोय. म्हनलं, काय गं हे? तर म्हनली घंटी. आता थ्री फेजची लाईट कवा येनार, नेम न्हाय, मानूस मोटरीपाशी बसून राहनार, डोळा लागला की लाईट येऊन गेली, ऊस तसाच तहानलेला. हिची डबी मोटरीपाशी बसवायची, लाईट आली की वस्तीवर घंटी वाजती. पहिली बावड्याला मामाच्या विहिरीवर लावली, ती ऐकून मामाच्या शेजाऱ्याला पायजे, मग कळंबच्या बागायतदारांना पायजे, आनि घरात हे एवढं सामान की साहेबराव जेवायला उंबऱ्यात बसायला लागले. शेवटी त्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत जागा बघ, न्हायतर पुन्याला चुलत्याच्या कंपनीत चिकट आनि हे बंद. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मला काय करायचंय म्हना, पन मला बी दोन घास गेलं न्हाईत.

तेवढ्यात पंचायत कमिटीचं निघालं. कॉलेजामागं सरकारी गोडाऊन रिकामं पडलेलं, त्याची सभा होती. मी तितं कशी? नळाची तक्रार घेऊन गेलते, मागच्या बाकावर जागा होती, पंखा होता, बसले. पुन्याचा एक सायेब आलेला, टाय लावून. म्हनला, "कॉलेजातून शिकून निघालेल्या मुलांना जागा द्या, वीज द्या, सांभाळा. पायावर उभी राहिली की बाहेर सोडा. ह्याला इन्क्युबेटर म्हणतात." सभापती म्हनले, लई चांगलं, पन ठराव मराठीत लागतो. क्लार्कनं कपाटातला शब्दकोश काढला, धूळ झटकली, बोट फिरवलं, आनि लिहिलं... उबवणी केंद्र.

झालं. आमच्या भागात घरटी पोल्ट्री. उबवणी केंद्र म्हनल्यावर आनि कोन काय समजनार? ज्या सभेत एका मोरीच्या झाकनावर तीन पार्ट्या पडत्यात, तितं हा ठराव एका दमात पास. पुन्याचा सायेब बी खूश, म्हनला, तुमच्या लोकांना किती लवकर समजतं.

उद्घाटनाला मेघना घंट्यांची पेटी घेऊन गेली, मी बरोबर. मला काय करायचंय म्हना, पन पेटी जड होती. आत बघतो तर जाळ्या मारलेल्या, पिवळे बल्ब, खाली भाताचं तूस, आनि मधोमध कपाटाएवढं अंडी उबवायचं मशीन. सभापतींनी फीत कापली, पेटीकडं बघितलं.

"पोरी, अंडी कुठं हायती?"

"अंडी नाहीत सर. घंट्या आहेत."

"घंटी उबवायची असती व्हय?"

पोरीनं सगळं समजावलं, शब्दाचा घोटाळा झालाय म्हनून. सभापतींनी अगदी मायेनं ऐकून घेतलं, चहा पाजला, आनि म्हनले, "तुजं खरं हाय. पन ठरावात उबवणी हाय. बदलायचं तर नवी सभा, नवी मंजुरी, पुन्याची सही. तवर ज्याची अंडी, त्याची जागा."

मेघनानं पेटी उचलली. दिवाळी तोंडावर आलेली, चुलत्याचा निरोप येऊन पडलेला. आनि मला काय करायचंय म्हना, पन माझ्या तोंडातनं गेलंच, "अंडीच पायजेत ना? आनते."

गेले तशी मंडईत रसूलभाईंच्या दुकानात. म्हनलं, अंडी द्या, बख्खळ द्या. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं.

"सारजाबाई, आमलेट करायचंय का पिल्लं काढायचीत?"

"जागा काढायचीय, भाऊ."

सगळं ऐकून ते इतकं हसले की गिऱ्हाईक थांबून राहिलं. मग म्हनले, पांढरी नेऊ नका, त्यातनं काय निघत न्हाय, आनि गावरान अंड्यांची टोपली स्वतः सायकलवर घालून आनून दिली.

तवापासनं गोडाऊनच्या अर्ध्यात अंडी, अर्ध्यात घंट्या. मेघनानं हाताखाली दोन पोरी घेतल्यात, पुन्याची नोकरी पुन्यातच राहिली. कमिटीचा मेंबर दर महिन्याला बघायला येतो, म्हनून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय, मेंबर असला की घंटी म्हनायचं न्हाय, अंडं म्हनायचं. लोक शानी, पाळत्यात.

परवा मेंबर खुर्चीवर बसून चहा पीत होता, पिल्लं मोजून झालेली, समाधानात. एवढ्यात कळंबचा एक पागोटेवाला आला, मेंबरला बघितलं, खाली वाकला आनि शिकवल्याप्रमानं मेघनाला म्हनला,

"ताई, परवा नेलेलं अंडं वाजत न्हाय."

मेंबरनं कप खाली ठेवला. मेघना पांढरी. त्यानं एकदा पागोट्याकडं बघितलं, एकदा मशीनकडं, आनि मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "अंडं... वाजतं?"

आता मी काय सांगायचं? म्हनलं, "कॉलेजाजवळची हायती सायेब. शिकलेली असत्यात."

त्यानं कप उचलून उरलेला चहा संपवला. आनि मग, तुमाला सांगते, घरी न्यायला दोन मागितली.