ही जीप घेऊ नका

—नाही पाहुणे, तुम्ही माळशिरसहून एवढ्या लांब आलात म्हणून खरं सांगतो, ही जीप घेऊ नका. अप्पा आत पानाला चुना लावतायत. बाहेर आले की सुरू करतील—मिलिटरीच्या लिलावातली गाडी, मेजरसाहेबांनी स्वतः वापरलेली—ऐकू नका. मेजर कसला, छावणीत कांदे वाहायची ती! मी त्यांचा मुलगा, ईश्वर, कॉलेज सोडलेला. ऐकलंच असेल माझ्याविषयी, आमच्याकडं पाहुण्यांना चहाच्या आधी तेच देतात.

आता दोष बघा. पेट्रोल लई पिते. स्टीअरिंग डावीकडं ओढतं. आणि टायर—काय? चांगले दिसतात? कुठले हो—म्हणजे आता आहेत चांगले. आधी काकांनी हे एवढे रुंद लावले होते, "जीप कशी, लांबनं वळकली पायजे" म्हणून. वळकली की! पहिल्याच पावसात काळ्या रानात मधोमध उभी, चाकांना चिखलाचे लाडू, अख्खं गाव बघतंय आणि काका वर बसून ड्रायव्हरला शिव्या देतायत. ड्रायव्हर कोण? मीच. अहो, काळ्या मातीत अरुंद टायर लागतो, खोल दातांचा—चिखल कापत खालच्या मुरमापर्यंत जातो, तिथं पाय रोवतो. हे सांगितलं तर म्हणाले, आधी कॉलेज पुरं कर, मग शिकव. मी गुमान टायर बदलले. गाडी फसायची थांबली. नाव कुणाचं झालं? काकांचं.

खाली वाकून काय बघता? ॲक्सल? तोच तर घोटाळा होता! मागचा मोडला, तर अप्पांनी भंगारातून दुसराच उचलून आणला—म्हणे लोखंड ते लोखंड. अहो, आत गिअरच्या दात्यांचा हिशेब असतो की! पुढची चाकं एका चालीची, मागची दुसऱ्या. फोर-व्हील टाकली की दोघांची ओढाताण आणि मधला गिअरबॉक्स रडतोय—अगदी आमचं घर. अप्पा एकीकडं ओढणार, काका दुसरीकडं, आणि मधे पिचणार कोण—जाऊ द्या. मग मी जोडी बसवली, पुढं-मागं एकाच मापाची, वेग कमी पण जोर दांडगा. बसा, बसा वर. सुरू करा. टाका लो गिअर. आता पेडलांवरनं पाय उचला—पुरता उचला—चालते का नाही? सावकाश, पण थांबायचं नाव नाही! गेल्या पावसाळ्यात ओढ्यात रुतलेला ट्रक ओढला हिनं, भरलेला—

म्हणजे, एकदा ओढला. पुन्हा ओढेलच असं नाही.

का विकतायत? अप्पांना वाटतं, ही गेली की मी आमच्या चादरींच्या दुकानात बसेन. घड्या घालायला. "हात पांढरे ऱ्हातील," म्हणतात. त्यांचे राहिलेच आहेत, जन्मभर. आणि मी हिच्यावर धरणाच्या कामावर निघालो होतो, उजनीला. ठेकेदाराला शब्द दिलाय—माणसं न्यायची, सामान न्यायचं, चिखलातनं दुसरी गाडी जातच नाही तिथं. सोमवारपासून. घरात कुणाला माहीत नाही अजून. गाडीच नसली तर माणूस म्हणून मला कोण नेतंय तिकडं? आणि हे मी तुम्हाला कशाला सांगत बसलोय?

हसताय काय? काय म्हणालात? असला खरं बोलणारा विकणारा बघितला नाही? अहो पण मी—घेतली? म्हणजे काय, घेतली? हळू बोला की, अप्पा आतून—

पाहुणे, खाली उतरा.

उतरा म्हटलं ना.