शेवटचं पीस

धाकटी : आणि हे एवढंच का कापडात गुंडाळलंय? बाकी सगळं तर उघड्यावर पडलंय.

दादा : देवदूत आहे तो. बाबांनी कोरलेला शेवटचा. दुपारी चर्चची माणसं न्यायला येतील, मग कारखान्याला कुलूप.

धाकटी : अजून तोच वास येतो इथे. लाकडाचा, सरसाचा. या बाकाखाली बसून मी भुशाचे डोंगर करायचे.

दादा : आणि तोंडाचा पट्टा चालू. फादरनी तुला धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर काढलं होतं, आठवतं?

धाकटी : साधा प्रश्न होता माझा. देवदूतांना स्वतःचं मन असतं का, की देव सांगेल तेवढंच करायचं?

दादा : साधा म्हणे. घरी येऊन बाबांचं डोकं खाल्लंस.

धाकटी : ते घासकाम न थांबवता म्हणाले, "असतं की. नसतं तर सैतान कुठून आला? पण त्यांनी ते एकदाच वापरलं, अगदी सुरुवातीला. देवाच्या बाजूने की विरुद्ध. त्यांना सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून ठरवलं ते कायमचं. आपल्याला अर्धंमुर्धं दिसतं, आपण चुकतो. म्हणून आपल्याला परत फिरायची मुभा." मी म्हटलं, मग आपणच बरे. किती हसले होते.

दादा : खोकला येईपर्यंत.

धाकटी : आणि त्याच तोंडाने मला म्हणाले, गेलीस तर परत येऊ नकोस.

दादा : तू तरी कुठे कमी होतीस? हात तुझा माझ्यापेक्षा दहापट चांगला. कोरकाम सोडून बोटींच्या कचेरीत शिक्के मारायला गेलीस. लागलं ते त्यांना.

धाकटी : नऊ वर्षं, दादा. त्यांचा फोन नाही, माझाही नाही. आले ती थेट मूठमातीला. त्यांनी मला माफ केलं होतं का, एवढंच कळायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

दादा : ते कापड काढ.

(ती कापड ओढते.)

धाकटी : चेहरा काय सुरेख उतरलाय. अरे, पण उजव्या पंखाचं टोक तसंच राहिलंय. कोरलंच नाही.

दादा : या घरात पंखाचं शेवटचं पीस कोण कोरायचं?

धाकटी : मी. सात वर्षांची असल्यापासून. प्रत्येक देवदूताचं.

दादा : हा तयार होऊन सहा वर्षं झाली. फादर चारदा येऊन गेले. बाबांचं एकच पालुपद, काम अपुरं आहे. मी म्हटलं, आणा इकडे, मी उरकतो. तर हातावर फटका मारला माझ्या. या वयात.

धाकटी : मग मला बोलवायचं ना.

दादा : मी फोन उचलला होता एकदा. म्हणाले, ठेव तो. ओढून आणलेली नको, तिची ती येऊ दे.

धाकटी : आणि मी त्यांचं "परत येऊ नकोस" कायमचं धरून बसले.

दादा : बोलले होते रागात. बाबा काय देवदूत होते?

धाकटी : नऊ वर्षांत हत्याराला हात लावला नाही मी. वाकडं आलं तर?

दादा : वाकडं तर वाकडं. फादरना सांगू, काम पुरं झालं.

धाकटी : माझी छोटी पटाशी कुठे सापडेल का रे?

दादा : तुझ्याच खिळ्यावर आहे. दर शनिवारी धार लावून ठेवायचे.